करीट, कोहळा आणि रंगविलेला भोपळा

2024 साली 31 ऑक्टोबर या दिवशी आमच्याकडे नरकचतुर्दशी होती. गोमंतकात त्या पहाटे गावोगावी नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा जळाल्या, आणि अभ्यंगस्नानाच्या वेळी तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने करीट फोडून घरोघरी गोविंदाचा गजर झाला. पुढील वर्षी, म्हणजे 2025 साली, त्याच 31 ऑक्टोबरला सूर्योदयी कार्तिक शुद्ध नवमी होती. ही कूष्मांड नवमी; या दिवशी कोहळ्याचे दान सांगितले आहे. दोन्ही वर्षी त्याच तारखेस सायंकाळी, सात समुद्रांपलीकडे आयर्लंडात आणि अमेरिकेत, घरांच्या पायऱ्यांवर तांबडे भोपळे मांडलेले होते. काहींस डोळे, नाक व दात कोरून आत दिवा ठेवला होता. काही मुळीच न कापता नुसते रंगविलेले होते. तिकडे या सणास हॅलोवीन म्हणतात.

हा योग केवळ पंचांगाचा आहे. त्यात कोणी दैवी संकेत शोधू नये. परंतु ज्यांची मुलेबाळे परदेशी राहतात अशा आमच्या वाचकांस तो विचार करावयास लावील. शरद ऋतूत तिकडून येणाऱ्या छायाचित्रांत नातवंडांच्या हाती कुंचला आणि पुढ्यात भोपळा असावयाचाच. मग देवघरात बसलेल्या आजीच्या मनात प्रश्न उभा राहतो : हा भुताखेतांचा परका सण आपल्या घरात कशाला? अन्नाच्या फळास राक्षसाचे तोंड का काढावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रागाने किंवा नवलाईच्या भरात देण्यापूर्वी या फळाचा आणि ते रंगविण्याच्या चालीचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम फळाची ओळख पक्की केली पाहिजे, कारण आमच्या भाषांत येथे मोठा घोटाळा आहे. मराठी माणसाने दुधी म्हटले की लांबट, हिरवट दुध्या भोपळा डोळ्यांपुढे येतो. गोव्याच्या कोंकणीत मात्र दुदी म्हणजे तांबडा भोपळा. एकाच बाजारात एकाच नावाने दोन फळे मागितली जातात, आणि नव्या सुनेची फजिती होते. इंदूर-ग्वाल्हेरच्या आमच्या बांधवांस हाच तांबडा भोपळा कद्दू किंवा काशीफळ म्हणून घ्यावा लागतो, बडोद्यास कोळुं म्हणून, बेळगावच्या कानडी बाजारात कुंबळकाई म्हणून, तर हैदराबादेत तेलुगू भाजीवाल्याकडे गुम्मडी म्हणून. कानडीत आणि तेलुगूत कोहळ्याचे नाव तर याच शब्दामागे 'राखेचा' असे विशेषण लावून झालेले आहे. कोहळ्याच्या सालीवरील पांढऱ्या भुकटीमुळे ते पडले.

नावे अशी एकमेकांत गुंतली असली तरी ही तीन फळे तीन निरनिराळ्या खंडांची आहेत. कोहळा आशियातील, संस्कृतात तोच कूष्मांड. दुध्या भोपळ्याचे मूळ आफ्रिकेत. पण तो इतक्या प्राचीन काळी येथे आला की संस्कृतात त्यास अलाबू असे नाव मिळाले, आणि त्याच्याच जातीच्या वाळलेल्या तुंब्यांपासून आमच्या वीणा आणि तंबोरे झाले. तांबडा भोपळा मात्र सर्वांत नवा पाहुणा. त्याचे माहेर अमेरिका. 1492 साली कोलंबस तेथे पोहोचण्यापूर्वी आमच्या कोणत्याही पूर्वजाने तो पाहिला असणे शक्य नाही.

त्या माहेरी त्याची वंशावळ फार लांब जाते. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तेथे सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या, आणि लागवड केलेल्या वाणाच्या, असल्याचे संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले. त्या खंडात मक्याची शेती सुरू होण्यापूर्वीच भोपळा माणसाच्या अंगणात आला होता. रानटी भोपळ्याचा गर इतका कडू असतो की तो तोंडात धरवत नाही. तो माणसाने प्रथम बियांसाठी आणि टणक कवचासाठी जवळ केला असावा. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गोड फळे निवडून त्यांचेच बी राखले, तेव्हा आजचा भोपळा झाला. हा कडूपणा या साऱ्या कुळाचाच आहे. नरकचतुर्दशीस ज्या करिटाचा थेंब आपण जिभेला लावतो, ते करीट याच कुळातील. तेवढे मात्र माणसाने गोड करून घेतले नाही.

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावीत आणि त्यांस तीन बहिणी म्हणत. मक्याच्या ताटावर घेवडा चढावा, घेवड्याने जमिनीस कस द्यावा, आणि भोपळ्याच्या रुंद पानांनी खाली ओल राखावी व तण दाबावे, अशी ती योजना. फळाच्या पाठीवर चित्र काढण्याची हौसही त्या खंडात जुनी आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यावर वाका प्रिएता येथे ज्युनियस बर्ड या पुरातत्त्वज्ञास 1946 साली तुंब्याची दोन लहान कोरीव पात्रे मिळाली. ती सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची आहेत, आणि त्यांपैकी एकावर मुखवट्यासारखी मुखे कोरलेली आहेत. तो तुंबा दुध्या भोपळ्याच्या जातीचा हे खरे. परंतु फळाला मुख देण्याची कल्पना हॅलोवीनच्या किती आधीची आहे हे त्यावरून दिसते.

कोलंबसाच्या प्रवासानंतर भोपळ्याचे बी युरोपात फार लवकर रुजले. त्याचा पुरावा एका प्रार्थनापुस्तकात आहे. फ्रान्सची राणी ॲन हिच्यासाठी झां बुर्दिशों या चित्रकाराने 1503 ते 1508 या काळात एक सचित्र पोथी सिद्ध केली. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या पानांच्या कडांवर शेकडो वनस्पतींची चित्रे आहेत, आणि त्यांत अमेरिकन भोपळ्याच्या जातीचा एक वेल आहे. कोलंबस परतून पुरी पंधरा वर्षेही झाली नव्हती. चित्राखाली नाव घालताना मात्र त्यास तुर्कस्तानचे फळ ठरविण्यात आले! पाहुण्याचे गाव चुकीचे सांगण्याची रीत तिकडेही होती. पुढे 1515 ते 1518 च्या सुमारास रोममधील फार्नेसिना वाड्याच्या छतावर जोव्हान्नी दा उदिने याने फळाफुलांची जी तोरणे रंगविली, त्यांतही हे भोपळे आहेत. 1573 साली आर्चिंबोल्दो या चित्रकाराने 'शरद ऋतू' नावाचे चित्र काढले. त्यात केवळ फळाभाज्यांचा मनुष्य आहे आणि त्याच्या मस्तकावर भोपळा आहे. याप्रमाणे हे फळ युरोपच्या स्वयंपाकघरात नीट स्थिरावण्यापूर्वीच तेथील चित्रकलेत शरदाचे चिन्ह होऊन बसले होते.

त्याच शतकात ते आमच्याकडे आले. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांतून मिरची, काजू, अननस, पपई, मका अशी अमेरिकेची संपत्ती या किनाऱ्यावर उतरली. तांबडा भोपळाही त्याच व्यापाराच्या वाटेने आला. आज चवथीच्या खतखत्यात दुदी आणि मक्याचे तुकडे तिरफळाच्या वासात शिजत असतात, तेव्हा हे परदेशी आहेत असे कोणाच्या मनातही येत नाही. घाटावर त्याचे घारगे होतात, भरीत होते. म्हातारीला लेकीच्या घरून सुखरूप परत आणणारा आमच्या लहानपणच्या गोष्टीतील वाहनरूपी भोपळा आणि फ्रेंच लेखक पेरोच्या 1697 सालच्या सिंड्रेलाच्या कथेतील रथ झालेला भोपळा, हे दोघे एकमेकांचे दूरचे सोयरे वाटतात. परका म्हणून आलेले फळ घरचे व्हावयास फार पिढ्या लागत नाहीत.

आता हॅलोवीनकडे वळू. या सणाचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोकांच्या साविन नावाच्या सणात सांगतात. पिके घरात आली, गुरे डोंगरावरून खाली आणली, आणि वर्षाचा काळोखा अर्ध सुरू झाला, की 31 ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून 1 नोव्हेंबरपर्यंत तो पाळीत. त्या रात्री मृतांच्या आणि जिवंतांच्या जगामधील पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने नवव्या शतकात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून स्थिर केला, आणि 2 नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा झाला. गोव्यातील आमचे ख्रिस्ती शेजारी त्या दिवशी दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या समाधींवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात, हे आपण पाहतोच. संतांच्या दिवसाच्या आदली संध्याकाळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचाच हॅलोवीन हा अपभ्रंश होय.

या रात्री आयर्लंडात जे फळ कोरीत ते भोपळा नव्हे. भोपळा तेथे नव्हताच. शेतात मुबलक असलेला सलगम, म्हणजे एक कंद, पोखरून त्यास उग्र चेहरा कोरीत आणि आत निखारा किंवा मेणबत्ती ठेवीत. भटक्या आत्म्यांनी दाराशी येऊ नये हा हेतू. जॅक नावाच्या एका कवडीचुंबकाची कथाही तेथे सांगतात. त्याने सैतानास फसविले. म्हणून मेल्यावर त्यास ना स्वर्ग मिळाला ना नरक, आणि सलगमात निखारा घेऊन तो काळोखात भटकत राहिला. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगल परगण्यातील फिनटाऊन गावच्या अशा एका सलगमदिव्याचा साचा आहे. तो 1943 साली तेथे दाखल झाला. सुरकुतलेला, दात विचकणारा तो चेहरा पाहिला की आजचा हसरा भोपळा त्याच्यापुढे अगदीच सौम्य वाटतो.

1845 साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि 1852 पर्यंत भीषण दुष्काळ चालला. सुमारे दहा लक्ष माणसे मेली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांतील पुष्कळ अमेरिकेस उतरली. बटाटा हेही अमेरिकेचेच पीक. त्या पिकाने दगा दिला म्हणून लोक ज्या भूमीकडे धावले, तेथे त्यांस भोपळा भेटला. तो सलगमापेक्षा मोठा, आतून निम्मा पोकळ, आणि कोरावयास कितीतरी सोपा. जुन्या सणास नवे फळ मिळाले.

परंतु हा इतिहास येथे थोडा काळजीपूर्वक सांगावयास हवा. आयरिश लोकांनी भोपळ्याचा दिवा अमेरिकेस शिकविला असे सरसकट म्हणतात, ते पुरते खरे नाही. व्हिटियर या अमेरिकन कवीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भोपळ्यावर जी कविता लिहिली, तिच्यात बालपणी भोपळ्यास भेसूर तोंड कोरून आत मेणबत्ती लावल्याची आठवण आहे, आणि ती कविता आभारप्रदर्शनाच्या सुगीच्या सणाची आहे, हॅलोवीनची नव्हे. 1852 साली हॉथॉर्न या कथाकाराने भोपळ्याचे डोके असलेल्या बुजगावण्यावर एक कथा लिहिली. म्हणजे भोपळ्यास तोंड देण्याचा खेळ शेतकऱ्यांच्या मुलांत आधीपासूनच होता. नव्या रहिवाशांनी त्या खेळास तिथी दिली आणि अर्थ दिला. फळ त्या भूमीचे, रात्र पाहुण्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोहोंची जी गाठ पडली ती आजतागायत सुटलेली नाही.

याच काळात भोपळा अमेरिकेत साऱ्या शरद ऋतूचे भूषण होऊ लागला. सेरा जोसेफा हेल या लेखिकेने 1827 च्या आपल्या कादंबरीत सुगीच्या मेजवानीतील भोपळ्याच्या गोड पक्वान्नाचे वर्णन केले होते. तिने वर्षानुवर्षे खटपट केल्यावर 1863 साली अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरातील आभारप्रदर्शनाचा दिवस सर्व राष्ट्रासाठी जाहीर केला. 1903 साली ओहायो राज्यातील सर्कलव्हिल या गावी जॉर्ज हॅसवेल नावाच्या नगराध्यक्षाने आपल्या कचेरीपुढे मक्याची ताटे आणि भोपळे मांडून एक लहानसे प्रदर्शन केले. त्या हौसेतून गावची वार्षिक भोपळा-जत्रा निर्माण झाली. 1909 पासून डेनिसन नावाच्या कागदाच्या व्यापाऱ्यांनी हॅलोवीनच्या सजावटीची पुस्तके काढली. शेतकऱ्याच्या मुलांचा खेळ नगरवासीयांच्या दिवाणखान्यात आला तो असा.

दिवाणखान्यात आल्यावर सुरीच्या अडचणी ध्यानात येऊ लागल्या. कोरलेला भोपळा आठवडाभरात सुरकुततो, बुरसतो. त्यास वास सुटतो. कोरताना मुलांचे हात कापतात. उलट, साल न दुखावता देठासह ठेवलेला पक्व भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने टिकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास पाण्यात कालवावयाचे आणि लवकर वाळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले, आणि सुरीच्या जागी कुंचला घेणे सर्वांस शक्य झाले. शाळेतील लहान मुले, हात थरथरणारे वृद्ध, खाटेवरचा रुग्ण, ज्यांच्या हाती सुरी देता येत नव्हती, ते सारे आता या सजावटीत भाग घेऊ शकले. आमच्या मते या बदलाचे खरे महत्त्व हेच आहे.

रंगविण्याची रीत साधी आहे. फळ ओल्या फडक्याने पुसून पुरते वाळवावे, कारण ओल्या सालीवर रंग धरत नाही. आधी खडूने आकृती काढावी. ज्यास चित्रकला येत नाही त्याने भोपळ्याच्या उभ्या खाचा हीच आखणी समजावी, आणि एकाआड एक फुगवटा पांढरा रंगवावा. एवढ्यानेही घाट उठून दिसतो. झाडाच्या पानास रंग लावून ते सालीवर दाबले की शिरांसह ठसा उमटतो. बोटाच्या टोकाने ठिपके द्यावेत, किंवा सारे फळ पांढरे करून देठ तेवढा सोनेरी ठेवावा. मुखच हवे असेल तर दोन डोळे आणि एक वाकडी रेघ पुरते. ते रागीट करावे की हसरे, हे काढणाराच्या मनावर.

या रंगांपैकी एका रंगाची कथा आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. हॅलोवीनच्या रात्री मुले वेष घेऊन दारोदार जातात आणि खाऊ मागतात. परंतु काही मुलांस शेंगदाणा, दूध, अंडे यांसारखे पदार्थ विषासारखे बाधतात. एका घासाने प्राणावर बेतते. अशा मुलाने दारी जाऊन झोळीत पडलेले सारे आईच्या हाती परत द्यावयाचे. 2012 साली टेनेसी राज्यात अशा मुलांच्या पालकांत एक कल्पना निघाली, आणि 2014 पासून ती एका संस्थेने देशभर नेली : ज्या घरी खाऊखेरीज लहानसहान खेळणीही ठेवली असतील, त्या घराने दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवावा. आमच्या लुगड्यांच्या भाषेत तो रंग मोरपंखीच्या जवळचा. तो दिसला की अशा मुलाच्या आईने समजावे, या दारात माझे लेकरू निर्धास्त जाऊ शकेल. ज्या मुखाने एके काळी अनोळखी आत्म्यास दारापासून हुसकावयाचे, त्याच फळाचा रंग आता अनोळखी मुलास दारी बोलावतो. दोनशे वर्षांच्या आत एका चिन्हाचा अर्थ इतका पालटला.

आता आपल्या उंबऱ्याकडे पाहू. फळास प्राण्याचे किंवा असुराचे रूप मानणे आम्हांस नवे आहे काय? कालिकापुराणात देवीच्या बलिविधानात कूष्मांड व ऊस यांस बोकडाच्या बळीइतकेच मानले आहे. नवरात्राच्या नवमीस किंवा दसऱ्यास कुंकू लावलेला कोहळा फोडण्याची जी चाल अनेक घराण्यांत व देवळांत आहे, तिचा आशय हाच. कित्येक घरांत अखंड कोहळा बायका प्रथम चिरीत नाहीत. पुरुषमाणसाने एक घाव घालून द्यावा लागतो, कारण तो मनाने जीवच मानलेला असतो. दाराशी टांगलेला कोहळा दृष्ट आपल्यावर घेतो असे मानतात. कर्नाटकात, आंध्रात, तामिळनाडूत बांधकाम चालू असलेल्या घरांवर डोळे वटारलेले, मिशाळ राक्षसमुख रंगविलेले कोहळे टांगतात. बेळगाव आणि हैदराबाद येथील आमच्या वाचकांस ते रोजचे दृश्य आहे. आणि करीट तर साक्षात नरकासुर समजूनच चिरडावयाचे. गोव्याच्या तरुणांस भयंकर मुख रंगविण्याची कला कोणी परदेशातून येऊन शिकवावी, अशी स्थिती खचित नाही.

यावरून कोणी असे मात्र समजू नये की आयरिशांचा सलगम आणि आमचा कोहळा एका मुळाचे आहेत, किंवा हॅलोवीन येथूनच तिकडे गेला. असा भ्रमाचा भोपळा फुगविणारे लेख हल्ली पुष्कळ येतात. त्याने आपल्या परंपरेची शोभा वाढत नाही. दोन्ही चाली स्वतंत्र आहेत. त्यांच्यात सारखी आहे ती माणसाची गरज. पीक घरात आले, दिवस लहान होऊ लागले, काळोख वाढला, की माणूस दारात काहीतरी खूण ठेवतो. आणि ती खूण हाताशी असलेल्या फळाचीच करतो.

हाताशी असलेले फळ बदलते, कारण माणसे गाव सोडतात. हे आमच्या समाजास इतरांनी शिकवावयास नको. सोळाव्या शतकात साष्टीच्या बाजूची देवळे मोडली गेली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. ज्यांनी आपली दैवते रातोरात नदीपार नेली, त्यांनी जुन्या तळीचे पाणी आणि जुन्या परसातली फुले बरोबर नेली नव्हती. नव्या गावच्या पाण्याने अभिषेक झाला आणि नव्या परसातल्या फुलांनी पूजा झाली. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्यास गेलेल्या कुटुंबांनीही तेच केले. आज न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या सुनेस करीट मिळत नाही, कोहळा क्वचित मिळतो. भोपळा मात्र दारोदार रचलेला असतो. तिने दिवाळीच्या पणत्यांशेजारी एक रंगविलेला भोपळा ठेवला, तर सलगम सोडून भोपळा घेणाऱ्या आयरिश आईने जे केले, त्याहून ते वेगळे नाही.

म्हणून आजीच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. फळ परके की आपले याची चिंता करू नये. चारशे-पाचशे वर्षांत ते खतखत्यात विरघळून गेले आहे. रंगविलेले मुख पाहूनही भिऊ नये. पाहावयाचे ते एवढेच की आपल्या दारातील खूण येणाऱ्यास काय सांगते आणि तिच्यापायी अन्न वाया तर जात नाही ना. सजावटीचे भोपळे सण सरताच कचऱ्यात जातात हा अमेरिकेचा दोष आहे. आयुधपूजेनंतर रस्त्यावर कोहळ्याच्या फोडी तुडविल्या जातात आणि वाहने घसरतात, हा आमचा. बाजारी रंग लावलेले फळ खाण्याच्या कामाचे राहत नाही. त्यापेक्षा नातवंडांस तांदळाची पिठी आणि हळद कालवून द्यावी. आमचे वारली बांधव गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जशी चित्रे काढतात, तशी ती तांबूस सालीवर बोटाने काढता येतील. आठ दिवस फळ दारात शोभेल. नंतर साल धुऊन, सोलून, आजीने त्याचे घारगे करावेत.

आणि ते घारगे तळताना तिने नातवंडांस करिटाची व कोहळ्याची गोष्ट सांगावी. ती सांगणारे कोणी घरात असेल, तर दारात कोणत्या फळाचा दिवा आहे याची फारशी काळजी करण्याचे कारण उरत नाही.